राघोबाच्या सायकलची जुनी साखळी

"राघोबाची सायकल ओढ्याच्या उतारावर पडली म्हणं, अन् पेटीतल्या समद्या बांगड्या..."

भिंतीपलीकडं शेजारची सुमनबाई राजूबाईशी बोलता बोलता थांबली. उद्या नागपंचमी. आजच्या दिवशी बांगड्यांबद्दल तसला शब्द कोण तोंडातून काढील? बांगड्या 'वाढल्या' म्हणायचं, तेही दबकत. तिच्यानं तेवढंही म्हणवलं नाही. राजूबाई "अगं बाई" म्हणाली आणि दोघी आत गेल्या. मी इथं अर्धं ऐकून लटकलेली.

मी राघोबा कासाराच्या सायकलची जुनी साखळी बोलतेय. दुसऱ्याच्या घरचं ऐकू नये, हे मला कळतं. पण पंधरा दिवस दाराआडच्या खुंटीवर राहून बघा, तुम्हीही भिंतीला कान लावाल.

हैदराबादच्या दुकानातून तेलकट कागदात गुंडाळून मी हुमनाबादला आले. त्याच दिवशी मागच्या चाकाची दातेरी चकतीही नवी बसली. नऊ वर्षं आम्ही दोघी एकमेकींना धरून गावोगाव फिरलो. बांगडी चढताना डोळे गच्च मिटणारी बाई, ती एकदा चढली की आधी हात उन्हात धरून बघते. हे मी किती पारांवर पाहिलंय.

पुढं माझ्या कड्या झिजल्या, मी लांबले, मधेच उतरू लागले. चकतीचे दातही माझ्याच मापानं झिजले होते. सायकल दुरुस्त करणारा शिवशंकरप्पा म्हणाला, "अण्णा, बदला तर दोन्ही बदला. ह्या दातांवर नवी साखळी टिकायची न्हाई."

"दात शाबूत हायेत की. कामून बदलू? लढाईपायी सामान मिळंना झालंय."

"मग हीच राहू द्या. म्हाताऱ्यांची जोडी हाय, मोडायलाव कशाला?"

राघोबा हसला. नवी साखळी बसली, मला खुंटी मिळाली. रोज सकाळी सायकल दाराबाहेर निघाली की मी चकतीचा आवाज ऐकायची. अडखळायची बिचारी.

आज तो निर्ण्याला गेला. तिथल्या पार्वतम्माची लेक लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आलीय. तिला हिरव्या बांगड्या मीच भरीन, असा त्यानं शब्द दिलेला.

दिवेलागणीच्या आधी तो आला, सायकल हातानं ढकलत. गुडघ्याला माती. सुमनबाई दारात उभीच होती.

"पडलात म्हणं, भावजी?"

"पडलो. उतारावर न्हाई, चढावर. जोर लावला अन् साखळी दातांवरून सटकली."

"आन् पेटी?"

"वरचा थर वाढला, वहिनी. खालच्या समद्या नीट. चालत गेलो, गावाला भरून आलो." त्यानं गुडघ्याची माती झटकली. "पार्वतम्माच्या लेकीच्या हिरव्या वरच होत्या. पोरीनं पुढं केलेला हात मागं घेतला, अन् आत गेली."

सुमनबाई उंबऱ्यावरून खाली उतरली. मग म्हणाली, "घरात हायेत का हिरव्या?"

"हायेत. पण उद्या बायका वारुळाला निघायच्या आत पोचलं पाहिजे."

"ह्या सायकलवर?"

राघोबानं खुंटीकडं पाहिलं.

त्यानं नवी साखळी उतरवली, मला रॉकेलनं पुसलं, कडीकडीत तेल सोडलं, चकतीवर चढवलं आणि मी सैल पडू नये म्हणून मागचं चाक जरा मागं ओढलं. पायडल फिरवून पाहिलं. एकही दात अडखळला नाही. पलीकडं सुमनबाई राजूबाईला सांगत होती, "समद्या न्हाई गं, वरच्या थराच्याच."

शिवशंकरप्पानं हैदराबादला नव्या चकतीसाठी निरोप धाडलाय. ती आली की मी परत खुंटीवर. जाईन, तक्रार नाही. तेवढी जुनी चकती भंगारात देऊ नका, राघोबा. माझ्याशेजारी टांगा. सुमनबाईचं बोलणं पुन्हा कधी अर्धं राहिलं, तर आम्ही दोघी मिळून पुरं करू.