जयंतीबाईंचा पंखा

मधुकर टिपणिसांची अख्खी नोकरी भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. बाटलीचं झाकण किंचित तिरकं दिसलं तरी खोका परत! रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी सवय जाईना. दूधवाल्याची पिशवी उजेडात धरून बघणार, भाजीवाल्याची मेथी जुडी सोडून बघणार. सोसायटीतली माणसं त्यांना लांबून पाहूनच नमस्कार करायची. असा हा माणूस, आणि एवढ्याशा गोष्टीत त्यानं माती खावी! पण खाल्ली खरी.

मे महिन्यात त्यांच्या बायकोला, जयंतीबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. जीभ जड, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत पलंग हॉलच्या कोपऱ्यात खिडकीशी आणला, कारण बाईंना रस्ता दिसायला हवा होता. पण छताचा पंखा त्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. ऑक्टोबर लागला तशा बाई घामानं नुसत्या भिजायला लागल्या. डाव्या हातानं पलंगाची कड ठोकायच्या आणि म्हणायच्या, "वारा." मधुकरराव पुठ्ठा घेऊन वारा घालत बसायचे. किती वेळ घालणार? त्यांनाही पंच्याहत्तरावं चालू होतं.

व्यायाम घ्यायला दीप्ती यायची. फिजिओथेरपिस्ट, बोलायला फटकळ पण हाताची गुणी मुलगी. दसऱ्याच्या आधी तिनंच दाखवलं, "काका, हे बघा! काकूंचा उजवा अंगठा हलतोय." खरंच हलत होता. राईएवढा, पण हलत होता. मधुकररावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता हा अंगठा सोडायचा नाही," दीप्ती म्हणाली. "स्पंजचा बॉल दाबून त्या कंटाळल्यात. असं काहीतरी द्या, की दाबलं की लगेच काहीतरी घडेल. आपल्यामुळे घडलं हे त्यांना दिसलं पाहिजे. एकदा दिसलं ना काका, की बघा कशा जोरात लागतील!"

आणि एवढं सांगून ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस सांगलीला गेली.

मधुकररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रिमोटचा पंखा! बाईंना हवा असतो वारा, त्यांनीच बटण दाबायचं आणि त्यांनीच तो आणायचा. दसऱ्याला सकाळीच ते स्टेशनजवळच्या दुकानात गेले. तिथला धवल पंखे दाखवून दमला. एक उंच, खांबासारखा होता, तो दिसायला झकास, पण रिमोटवर बटणं मुंगीएवढी. दुसऱ्याच्या रिमोटवर सगळी बटणं सारखीच, बाईंना कळायचं कसं? शेवटी उभ्या दांड्याचा एक निघाला. त्याच्या रिमोटवर रुपयाएवढं लाल बटण.

"काका, मोटार बघा ना, वॉरंटी बघा," धवल म्हणाला.

"मला बटण बघायचंय," मधुकरराव म्हणाले.

दुपारी दुकानाचा माणूस घरी येऊन पंखा जोडून, रिमोटनं तीनदा चालू-बंद करून दाखवून गेला. मधुकररावांनी रिमोट आपल्या हातात घेतलाच नाही. तो सरळ बायकोच्या उशाशी ठेवला आणि म्हणाले, "हा तुझा, जया. मी याला हातसुद्धा लावणार नाही. तूच लावायचा, तूच बंद करायचा." बाई किती महिन्यांनी हसल्या! अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसल्या.

आता दसऱ्याच्या दिवशी नवी वस्तू घरात आली, म्हणजे पूजा केल्याशिवाय वापरायची कशी? दरवर्षी हळदकुंकू बाई लावायच्या. शिवणयंत्राला, मिक्सरला, अगदी इस्त्रीलासुद्धा. या वर्षी ते काम मधुकररावांकडे आलं. त्यांनी वाटीत कुंकू ओलं केलं, झेंडूची माळ घातली, आणि पंख्याला बोट टेकवायला सपाट जागा शोधली. सगळीकडे जाळी नाहीतर खाचा. दांड्यावर पुढच्या बाजूला तेवढी एक काळी, काचेसारखी चौकोनी जागा होती, जणू टिळ्यासाठीच सोडलेली. तिथं त्यांनी चांगलं दाट, ठसठशीत कुंकू लावलं. बायकोच्या वाटचंही आपणच लावायचं म्हणून जरा जास्तच लावलं.

मग हात जोडून म्हणाले, "हं, दाब आता."

बाईंनी रिमोट डाव्या हातानं उजव्या मुठीत बसवला. अंगठा बटणावर नेला. कपाळावर शीर उठली, ओठ वाकडा झाला. पंखा गप्प.

"जोर कमी पडतोय," मधुकरराव म्हणाले. "होईल, होईल. उद्या." आणि पंख्यावरचं बटण दाबून त्यांनी तो चालू केला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, मधुकरराव खुर्ची ओढून समोर बसायचे. आधी समजावायचे, मग आवाज चढायचा. "जोर लाव ना! असं काय गं? दीप्ती आली की तिला काय दाखवायचं?" त्यांनाही कळत होतं की आपण ओरडतोय. पण भीती होती हो. हा एवढासा अंगठाही गेला तर?

चौथ्या दिवशी बाई रडल्या. "रडून पंखा लागत नाही, जया," ते म्हणाले. हे बोलायला नको होतं. बोलून गेले.

सहाव्या दिवशी बाईंनी जीव एकवटून एक शब्द काढला. "दा… बलं."

"काय?"

"दाब… लं."

"अगं, दाबलं असतं तर लागला नसता का?"

बाईंनी पंख्याकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. सातव्या दिवशी पुन्हा म्हणाल्या, आठव्या दिवशीही म्हणाल्या. नवव्या दिवशी म्हणाल्या नाहीत. दहाव्या दिवशी मधुकररावांनी रिमोट मुठीत ठेवला तर तो नुसता पडून राहिला.

आणि हे गृहस्थ रोज तो पंखा फडक्यानं पुसत होते बरं का! पाती पुसायचे, दांडा पुसायचे, आणि कुंकवाभोवतीनं फडकं हलकेच वळवून घ्यायचे. बायको अंथरुणाला खिळलेली असताना कुंकू कोण पुसेल?

दीप्ती आली ती आल्या आल्याच म्हणाली, "काय काकू, पंखा घेतलात म्हणे! बघू." तिनं रिमोट उचलला, पंख्यावर धरून दाबला. काहीच नाही. सेल काढून परत घातले, पुन्हा दाबला. मग वाकून पंख्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसली.

"काका, अहो सेन्सरवर कुंकू फासलंत! रिमोटचा सिग्नल पोचणार कुठून?"

"अगं, पुसू नको…" मधुकरराव उठेपर्यंत तिनं ओल्या नॅपकिननं ती जागा पुसलीसुद्धा. अंगठा रोवून बटण दाबलं. पंखा भर्रकन सुरू झाला.

मग तिचं हसू मावळलं. "कधीपासून आहे हे?"

"दसऱ्यापासून."

"म्हणजे काकू दाबत होत्या?"

सगळा कारखाना तपासलेला माणूस, त्याला एक रिमोट तपासावासा वाटला नाही. बायकोलाच तपासत बसला.

दीप्तीनं पंखा बंद करून रिमोट बाईंच्या मुठीत दिला, अंगठा लाल बटणावर ठेवला. "काकू, आता दाबा. आता नक्की लागेल." अंगठा हलला नाही. तिनं तो चोळला, वाकवून बघितला, पुन्हा ठेवला. "प्रयत्न सुटला ना काका, की असं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बघू. पुन्हा पहिल्यापासून करू." पुन्हा हलेल असं मात्र ती म्हणाली नाही.

ती गेल्यावर मधुकरराव पलंगाशी बसले. "जया, तू दाबलं होतंस. माझं चुकलं गं. मला माफ कर. एकदा, एकदाच दाब ना."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. डाव्या हातानं त्यांनी मुठीतला रिमोट सोडवला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"तुम्ही… च," त्या म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. बाईंच्या मानेवरून घाम ओघळत होता. मधुकररावांनी रिमोट पंख्यावर धरून लाल बटण दाबलं. पंखा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग दात आवळून, नख पांढरं पडेपर्यंत दाबलं, तेव्हा कुठे पाती हलली.

इतकं घट्ट होतं ते बटण. आणि नऊ दिवस ती ते दाबत होती.