बाबांची खाट

बावीस वर्षं प्रयोगशाळेत उंदरांना पोहायला लावणारा, म्हणून सगळे ज्याला उंदीरमामा म्हणत तो मामा स्वतःच दमला होता. हौदातल्या गढूळ पाण्याखाली एक पाट दडवलेला असे आणि उंदराने तो शोधायचा. मेंदूत जागांचा नकाशा ठेवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बिघडलेले उंदीरसुद्धा रोज एकाच काठावरून सोडले, की सवयीने पाटावर पोहोचत. काठ बदलला, की बिचारे गोल गोल फिरत.

घरी वडिलांचाही तोच भाग आकसला होता. त्यांना चालायचा त्रास नको म्हणून मामाने त्यांची खिडकीजवळची खाट थेट न्हाणीघराच्या दाराशी आणली. तेव्हापासून वडील उठले, की नेहमीसारखे डावीकडे सात पावलं चालत आणि कपड्यांच्या कपाटापाशी कार्यभाग उरकत. धुणं धुऊन बायको मेटाकुटीला आली.

"डायपर आणू म्हणता? बाबा लाजेने जेवण सोडतील," ती म्हणाली.

"अगं, पण दार हाताच्या अंतरावर आहे."

"अहो, उंदरांचा काठ बदलला, की काय होतं?"

मामाने खाट ओढत पुन्हा खिडकीशी नेली. आधीच धरलेली कंबर आणखी धरली.

संध्याकाळी वडील उठले, डावीकडे सात पावलं चालले आणि बरोबर न्हाणीघरात शिरले. बाहेर येऊन सुनेला म्हणाले, "आपलं घरच बरं गं. त्या लॉजमध्ये फार हाल झाले."

"हो ना बाबा," ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "तिथला मॅनेजरच गाढव होता."

मॅनेजर कंबर चोळत राहिला.