मावशी रुसते तेव्हा

ताईच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. फक्त दोन शब्द: ‘मावशी, चुकलं.’ तेही दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेले. कॅमेऱ्यासमोर उभं राहून ते बोलायचे आणि बाजूला व्हायचं. पण चष्म्याच्या दुकानात उभा जन्म ‘वाचा, आता खालची ओळ वाचा’ एवढंच बोलण्यात गेलेल्या बाईला हे घबाडच होतं. आरशात बघून ती ते दोन शब्द म्हणून पाहायची. गिऱ्हाईक आलं की फ्रेम पुसत असल्याचं नाटक करायची.

‘भंगार-यान’ ही मालिका टीव्हीवर दर शनिवारी संध्याकाळी लागायची. अंतराळात तरंगणारं मोडकंतोडकं सामान गोळा करत फिरणारं एक खटारा यान, त्याचा थापाड्या कॅप्टन, आणि यान चालवणारी संगणक-मावशी. मावशीला काही लागलं की ती इंजिन बंद करून रुसून बसायची. मग कॅप्टनने तिची माफी मागायची. आणि हा गडी माफी मागण्याआधी जो गप्प बसायचा! तोंड उघडायचा, मिटायचा, छताकडे बघायचा, बूट न्याहाळायचा. समोरून उल्का येतेय आणि हा बटण घासतोय. सगळी मजा त्या गप्प बसण्यात होती.

तेवढ्यासाठी तर मंडळी ताईच्या दुकानात जमायची. शटर अर्धं खाली, तपासणीची खुर्ची कोपऱ्यात, अक्षरांचा तक्ता उतरवलेला आणि त्याच खिळ्याला टीव्ही. मंडळींचं नाव ‘भंगारवाले’. निवृत्त मुख्याध्यापिका बाई त्यांच्या म्होरक्या, शाळेच्या बसचा ड्रायव्हर त्यांचा भालदार, बाकी आसपासचे दुकानदार. त्यांचा एक कायदा होता: कॅप्टन गप्प बसला की सगळ्यांनी गप्प बसायचं आणि जो आधी हसेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. ड्रायव्हरने इतक्या वेळा चहा केला होता, की दुकानातली साखर कुठे असते हे ताईपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं.

चॅनेलने कळवलं होतं की दुसरा सीझन निघाला, तर या मंडळातल्या एकाला यानातल्या प्रवाशाचं काम देऊ. मंडळींनी एका आवाजात ताईचं नाव घेतलं. फक्त एक अट होती. वर्तमानपत्रातल्या टीकाकाराचं नातलग नको, उगाच लोक वशिल्याची बोंब मारतात.

अट वाचून ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. अट तीच राहिली.

कारण शहरभर ज्याला ‘कात्री’ म्हणत, तो टीव्हीचा टीकाकार तिचा सख्खा धाकटा भाऊ. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही तर ते खोटं होत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात ती पटाईत होती. तिच्या दुकानातून बारीक नाकाची माणसं जाड फ्रेमा घेऊन खुशीत बाहेर पडत, ते उगाच नाही.

आणि मग कात्री चालली.

मुख्याध्यापिका बाईंनी शनिवारी वर्तमानपत्र उघडलं आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं, “‘ही मालिका प्रेक्षकाला श्वास घेऊ देत नाही. कॅप्टन एक वाक्य संपायच्या आत दुसरं फेकतो. मावशीचा चिमणीसारखा चिवचिवाट तर डोकं उठवतो.’”

“चिमणी?” ड्रायव्हर उठूनच उभा राहिला. “मावशीचा आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा आहे! आणि श्वास? बाई, कॅप्टन माफी मागेपर्यंत माझी बस अख्खी भरते!”

“खाली बस. हा माणूस भलतीच मालिका बघून आलाय. संपादकांना लिहायचं, सगळ्यांच्या सह्यांनी. दुसरा सीझन काढायचा की नाही हे चॅनेलवाले आत्ता ठरवतायत, आणि हे वाचून काय ठरवतील?” बाई वळल्या. “ताई, तुम्ही का गप्प?”

“डोकं दुखतंय,” ताई म्हणाली. ते मात्र खरं होतं.

चिमणीचं कोडं तिला केव्हाच सुटलं होतं. भाऊ लहानपणापासून घाईचा. जेवताना आधी पाणी पिऊन टाकायचा, म्हणजे नंतर वेळ जायला नको. मालिका तो दुप्पट वेगाने बघतो, हेही त्याने एकदा फुशारकीने सांगितलं होतं. हे मंडळींना सांगितलं असतं तर पत्राला धार आली असती, मालिका वाचली असती आणि तिचे दोन शब्दही. नातं सांगायचीही गरज नव्हती, नुसतं ‘कुठूनतरी कळलं’ म्हटलं की भागलं. भावाची मात्र त्या संपादकासमोर शोभा झाली असती, आणि रविवारच्या पुरवणीची खुर्ची त्याच्या हातातोंडाशी आली होती.

सोमवारी ती त्याच्या कचेरीत गेली. टेबलावर कागदांची चळत आणि तिच्यावर गार झालेल्या कॉफीचा कप.

“आलीस! माझा नवा चष्मा आणलास?”

“झालाय. दिला नाही अजून. भंगार-यान दुप्पट वेगाने पाहिलंस ना?”

“हळू बोल ना ताई!” त्याने मागे वळून पाहिलं. “आठवड्याला चार-चार मालिका येतात. झाडून सगळे असेच बघतात.”

“मी तुझा नंबर असा काढू? पहिली ओळ दिसली, शेवटची दिसली, मधलं गेलं उडत?”

“विनोदी मालिका आहे ती. त्यात मधलं काय असतं?”

“शनिवारी दुकानात ये. चष्मा तिथेच मिळेल.”

“ब्लॅकमेल करतेस?”

“तूच शिकवलंस. माझी बाहुली माळ्यावर टाकून गृहपाठ करून घ्यायचास, विसरलास?”

“तोही एकदाच गं,” तो पुटपुटला. पण शनिवारी आला. जुन्या चष्म्यातून डोळे बारीक करून अंग चोरून बसला. ताईने त्याची ओळख ‘आपले एक गिऱ्हाईक’ अशी करून दिली. तो तिला ताई म्हणाला, पण तिला सगळेच ताई म्हणत.

सुरुवातीला तो घड्याळाकडे बघत होता. मग कॅप्टनने मावशीला ‘जुनी मशीन’ म्हटलं आणि इंजिन बंद पडलं. यान एका ग्रहाकडे घरंगळायला लागलं. कॅप्टनने तोंड उघडलं. मिटलं. दुकानात कुणी पापणीही हलवेना. मुख्याध्यापिका बाईंनी ओठ दाबून धरले, ड्रायव्हरने रुमाल दातात धरला. कॅप्टनने टोपी काढली. टोपीच्या आत बघितलं, जणू माफी तिथे ठेवलेली होती. परत घातली. ग्रह आणखी मोठा झाला.

तेव्हा मागच्या खुर्चीतून असा आवाज आला, जसा ताईने लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. भाऊ हसत होता, पोट धरून. जुना चष्मा मांडीवर पडला होता.

“चहा!” सगळे ओरडले. ड्रायव्हरने तर टाळ्याच पिटल्या. “साखर वरच्या फळीवर, काचा पुसायच्या बाटलीच्या मागे. बाटली कोणती ते नीट बघून घ्या!”

कात्रीने मुकाट्याने चहा केला. कप वाटत तो बाईंपर्यंत आला.

“झकास झालाय,” बाई म्हणाल्या. “कसे मनापासून हसलात! त्या कात्रीला हसताच येत नसेल. घरी कुणी प्रेमाचं माणूस नसणार. असतं तर असं लिहिलं असतं का? एकटा, कुजका माणूस.”

भाऊ ट्रे घेऊन वळला. चहा मिळालेल्याच माणसाला दुसरा कप द्यायला लागला. ताईने ते पाहिलं. आता नुसतं गप्प बसलं की झालं. गप्प बसण्याचा सराव तर या दुकानात दर शनिवारी होत होता.

“आहे त्याला माणूस,” ती म्हणाली. “मी आहे. हा माझा धाकटा भाऊ.”

कुणीच हललं नाही. कॅप्टनही यापेक्षा लवकर बोलला असता.

“पण ताई,” ड्रायव्हर हळूच म्हणाला, “ती अट...”

“वाचलीय मी अट.”

मुख्याध्यापिका बाईंनी घोटभर चहा घेतला. शाळेत असत्या तर दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. “मी जे बोलले, त्यातलं घरी कुणी नसण्याचं मागे घेते,” त्या म्हणाल्या. “बाकीचं हा आता काय लिहितो ते वाचून ठरवीन. याला चष्मा द्या आधी, ट्रे टेबलाच्या बाहेर ठेवतोय.”

पुढचं सगळं वर्तमानपत्रात आलंच. भावाने लिहिलं की ही मालिका आपण दुप्पट वेगाने पाहिली होती, आणि ज्या विनोदाचा जीव गप्प बसण्यात आहे, त्याचा जीव आपणच घेतला. संपादकांनी लेख छापला, आणि पुरवणीची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली. दुसरा सीझन काढायचं ठरलं, तेव्हा ताईने चॅनेलला आपण होऊन नातं कळवलं. त्यांनी फार गोड शब्दांत तिचं नाव वगळलं आणि ड्रायव्हरचं घातलं.

दुसरा सीझन सुरू झाला त्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कात्री मागच्या स्टुलावर, बाईंच्या शेजारी. बाई त्याच्याशी अजून तुटक बोलत होत्या, पण त्याला पुढचं दिसावं म्हणून त्यांनी आपली खुर्ची सरकवून घेतली होती. पडद्यावर ड्रायव्हर आला, प्रवाशाच्या चकचकीत कपड्यांत. आणि घाबरून त्याने ते दोन शब्द अशा सुसाट वेगाने म्हटले, की चिमणी बरी. कॅप्टन त्याच्याकडे बघतच राहिला. बघतच राहिला.

“सहा वेळा घेतलं हो,” दुकानातला ड्रायव्हर रुमालाआडून कण्हला. “शेवटी म्हणाले, राहू दे असंच.”

तर कुणी काय किंमत मोजली? भावाची खुर्ची गेली. बाईंची माणूस ओळखण्याची घमेंड गेली, निदान थोडी. ड्रायव्हरची जन्मभराची लाज जगाने पाहिली, आणि त्यावर तो खूश होता. ताईचे दोन शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेले, तेही वाया. आणि कॅप्टन अजून बघतच होता तेव्हा, इतके शनिवार कधी न हरलेली ताई सगळ्यांच्या आधी फिसकन हसली. मग डोळे पुसत उठली. सबंध दुकानाचा चहा करणं तिच्याच अंगावर पडलं.