उजवं पाऊल

"आवो, तुमच्या गाडीला ब्रेक नावाचा काय प्रकार हाय का न्हाय?"

गोजरबाई पदर खोचून अंगणात उभी होती. समोर नवऱ्याचा, म्हणजे दादासोंचा, दुधाचा पिकअप गोवऱ्या रचलेल्या हुडव्यात तोंड खुपसून थांबला होता. घरच्या दुधाचे दोन कॅन खाली पडले होते आणि दूध पार उकिरड्यापर्यंत वाहत गेलं होतं. मांजराची तेवढी चंगळ झाली.

"ब्रेक दाबला हुता की. लागलाच न्हाय," दादासो म्हणाले.

"मग दावा की मेस्त्रीला!"

"दावतो."

ब्रेक ठणठणीत होता, हे दादासोंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना वाटलं पाऊल ब्रेकवर आहे, आणि ते होतं ॲक्सिलेटरवर. गेले सहा महिने कमरेतून निघालेली कळ सणसणत पोटरीपर्यंत जायची आणि त्याच्या खाली पावलाला काही कळतच नसे. उजव्या पायातली चप्पल कुठं गळून पडली, हे मागनं येणाऱ्या माणसानं सांगावं तेव्हा समजायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो बघून बजावलं होतं, मणक्यात नस दबलीय, गाडी अजिबात चालवायची नाही. दादासोंनी घरी येऊन सांगितलं, "डाक्टर म्हनला, गादीवर झोपू नगा." तेव्हापासून हा गृहस्थ मोठ्या इमानदारीनं सतरंजीवर झोपत होता.

तसा माणूस खोटारडा नव्हे. पण पणदऱ्याच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचं काम ते बावीस वर्षं करत आले होते. त्यांचा हॉर्न ऐकून बायका चुलीवरचा चहा उतरवायच्या. स्टिअरिंग सुटलं तर आपल्याला विचारणार कोण, या विचारानं ते रोज पुन्हा गाडीत चढायचे. सकाळच्या रस्त्यावर शाळेला निघालेल्या पोरींच्या सायकली दिसल्या, की पाय वेळेवर ब्रेकवर पडेल का, याची धास्ती वाटायची. तरी गाडी सोडवत नव्हती.

"आबा, आज मी नेऊ का गाडी?" सून निकिता म्हणाली. तिचं माहेर भिगवणचं. लग्नाआधी बापाचा मासळीचा टेम्पो तीच चालवायची, लायसनही होतं. नवरा समाधान पुण्याला कंपनीत, त्यामुळं दादासोंशिवाय घरात गाडी चालवता येणारी ती एकटीच.

"मासळी येगळी, दूध येगळं," दादासो म्हणाले. "मासळी हिंदकळत न्हाय."

निकितानं अंगणातल्या दुधाकडं एकदा बघितलं.

आणि तेवढ्यात आडवा कॅन उचलायला दादासो वाकले, ते वाकलेलेच राहिले. कमरेत अशी चमक भरली की वरही येता येईना आणि खालीही बसता येईना.

"पायाळूचा पाय लावाय पायजे," गोजरबाईनं निकाल दिला. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात, त्या माणसानं पाठीला पाय लावला की चमक निघते, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गावची पायाळू भागुबाई गेल्या साली वारली होती. गोजरबाईनं डोकं खाजवलं आणि एकदम सुनेकडं वळली. "अगं, तुजी आय सांगत हुती लग्नात! तू पायाळूच न्हवं?"

"हाय की. पर आत्या, आबांना कसा पाय लावू मी?"

"सुनंचा पाय? सासऱ्याच्या पाठीला?" दादासो वाकल्या वाकल्या गरजले. पण जमिनीकडं बघून गरजणाऱ्या माणसाला कोण भितो?

"मग ऱ्हावा तसंच," गोजरबाई म्हणाली. "आल्यागेल्याला सांगते, माजं कायतरी हरवलंय, ते हुडकत्यात."

अर्धा तास दम काढला, मग अब्रूपेक्षा कंबर मोठी ठरली. दोघींनी धरून त्यांना ओसरीवर घोंगडीवर पालथं घातलं. पाय बाहेर, तोंड घोंगडीत. निकिता त्यांच्या पायाशी बसली. बराच वेळ काहीच हालचाल नाही, तसे दादासो वैतागले.

"निकिता, पाय लावायच्या आदी पाया पड बरं का माज्या. थोरामोठ्याला पाय लावायचा, तर रीत हाय ती. का भिगवनात न्हाय?"

दादासोंनी थोडी वाट बघितली.

"आगं, पडतीस का न्हाय पाया?"

"पडले की, आबा," ती हळू म्हणाली. "कवाच पडले. उजव्या पावलावर डोकं टेकलं. आजून दोनी हातांनी धरलंय."

दादासोंनी कष्टानं मान वळवून मागं बघितलं. सुनेनं पाऊल घट्ट आवळून धरलं होतं. तिची बोटं पांढरी पडली होती आणि त्यांना वाऱ्याइतकंही कळत नव्हतं. गोजरबाईनं ते बघितलं आणि पावलाशी येऊन बसली.

"ब्रेकला कायबी झालं न्हवतं, व्हय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आता भांडण नव्हतं.

दादासोंनी तोंड पुन्हा घोंगडीत घातलं. त्यांना सायकलीवरच्या पोरी दिसल्या, एकीमागं एक. रडू आलं, ते घोंगडीनं टिपून घेतलं.

"डाक्टर गादीचं कायबी बोलला न्हवता," ते तसेच म्हणाले. "गाडी चालवू नगा म्हनला हुता." मग म्हणाले, "किल्ली खिशात हाय माज्या. काढून घे. आन लाव आता पाय."

निकितानं तीनदा पाय लावला. चमक निघाली, एवढं कबूल करायला हवं. पायानं निघाली की मनातलं ओझं उतरल्यानं, ते त्या चमकेलाच ठाऊक.

दुसऱ्या सकाळी बावीस वर्षांत पहिल्यांदा दादासो डाव्या सीटवर बसले. दुधाचा हिशेब आणि जिभेचा पट्टा दोन्ही त्यांच्याकडंच होते. "गेर बदल. खड्डा हाय. हॉर्न लांब वाजीव, असा नगं." निकिता बिचारी किती ते ऐकून घेत होती! सायकली आल्या, निकितानं गाडी बाजूला दाबली, पोरी हसत निघून गेल्या. दादासो त्यांच्याकडं निवांत बघत राहिले.

पहिल्याच वस्तीवर रोज दूध घालणारा सिद्धू कॅनऐवजी कंबर धरून उभा होता. गोजरबाईनं रात्रीतच गावभर बातमी पोचवली होती.

"वैनी, जरा उतरता का? एक डाव पाय लावा. ट्रॅक्टरवर बसवत न्हाय मला महिना झाला. पायाला मुंग्या येत्यात."

निकिता दार उघडणार, तोच दादासोंनी तिचा हात धरला.

"तिचा पाय मोकळा न्हाय, क्लचवर हाय," ते म्हणाले. "सिद्धू, तू गाडीत बस. दूध घालून सरळ बारामतीला जाऊ, माज्या डाक्टरकडं. आन तो काय म्हनंल ते मी सोता ऐकनार, तुज्या बायकोला मीच सांगनार."

सिद्धू घुटमळला. दादासो डाव्या सीटवर आणखी आत सरकले आणि त्यांनी त्याला जागा करून दिली.