कंपनीचं वाक्य

मुलाने ऑफिससमोरच्या ज्या कॉफीच्या दुकानात थांबायला सांगितलं होतं, त्याची पाटी पाहून काकांना हसूच आलं. तीच हिरवी पाटी, तेच काचेचं दार, दारावर तोच वाफाळता कप. त्यांच्या गावात याच कंपनीची फ्रँचायझी ते स्वतः चालवायचे. नाव कंपनीचं आणि हाडं काकांची, असा तो व्यवहार. म्हणजे दिवसभराचा प्रवास करून माणूस शेवटी आपल्याच दुकानात येऊन बसला.

आत कुणाला काही विचारावं लागलं नाही. चमचे कुठे, नॅपकिन कुठे, हात धुवायला कुणीकडून जायचं, सगळं पाठ. काका खिडकीशी बसले, सवयीने साखरेची डबी सरकवून टेबलाच्या मधोमध आणली आणि वाकून खुर्चीखालची लादी पाहिली. लादी स्वच्छ होती.

इथेच घोटाळा झाला. काउंटरमागच्या मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि घाईघाईने काउंटर पुसायला घेतलं. कंपनी अधूनमधून साधं गिऱ्हाईक म्हणून तपासनीस धाडते. तो कोण हे शेवटपर्यंत कळत नाही आणि त्याच्या शेऱ्यावर दुकानाचं बरंवाईट ठरतं. नव्या मालकाला मग एकटा बसलेला प्रत्येक माणूस तपासनीस वाटतो. काकांनीही सुरुवातीला एका विमा एजंटाला कितीतरी दिवस जावयासारखं जपलं होतं.

बाई स्वतः कॉफी घेऊन आल्या. "साहेब, गरम आहे ना? वारा लागत असेल तर टेबल बदलून देते." थोड्या वेळाने पुन्हा आल्या. "प्रवासाने दमलेले दिसता. पाणी देऊ?"

काकांच्या लगेच लक्षात आलं. खरं सांगून टाकायला हवं होतं, अगदी ओठांवर आलंही होतं. पण काकू गेल्यापासून 'दमलेले दिसता' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. "द्या," एवढंच ते म्हणाले.

आले होते ते वेगळ्याच कामासाठी. कंपनीशी केलेला करार संपत आला होता. पुन्हा सही करायची, की दुकान सोडून मुलाकडे राहायला यायचं? खरं तर काकांनी मनाशी ठरवलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यात घरी गेलं की कुलूप आपणच काढायचं, दिवा आपणच लावायचा, याची त्यांना आताशा भीती वाटायची. मुलाने फक्त 'या' म्हणायचं बाकी होतं. हे फोनवर बोलायचं नसतं, म्हणून गाडीत बसले होते.

मुलगा उशिरा आला आणि घाईतच खुर्ची ओढून बसला.

"घरी रंगकाम काढलंय बाबा, नाहीतर घरीच बोलावलं असतं."

"असू दे. करार संपतोय रे. म्हटलं, आता पुरे करावं."

"पुरे कशाला?" मुलाने फोन पालथा ठेवला. "बाबा, असा धंदा लोकांना मागून मिळत नाही. नाव तयार आहे. माल दारात येतो. जाहिरात कंपनी करते. मशीन बिघडलं तर त्यांचा माणूस येतो. तुमच्या डोक्याला ताप आहे का काही?"

एकेक फायदा तो बोटावर मोजत होता. सगळे खरे होते. काकांनीच कधीकाळी हे फायदे असेच बोटांवर मोजून काकूंना पटवले होते, तेव्हा हे पोर काकूंच्या मांडीवर बसून ऐकत होतं. आता शेवटच्या बोटाला तरी 'नाहीतर आमच्याकडे या' येईल, म्हणून काका त्याच्या करंगळीकडे बघत राहिले. करंगळीवर दुकानातला एसी आला.

"आणि दिवसभर माणसांत असता," मुलगा म्हणाला. "घरी बसलात तर एकटे पडाल."

"बरोबर आहे तुझं. करतो सही."

मुलाचा जीव भांड्यात पडला. वाईट नव्हता तो. गुडघ्यांच्या डॉक्टरचं त्यानेच पाहिलं होतं. कॉफी घाईघाईने संपवून त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, "पोचलात की फोन करा," म्हणाला आणि गेला. काका त्याला रस्ता ओलांडताना काचेतून बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं.

"साहेब, काही चुकलं का?" बाई शेजारी येऊन उभ्या होत्या. "कॉफी तशीच राहिली. दुकान नवीन आहे हो. घरचे सगळे नको म्हणत होते, मीच हट्ट धरला."

"सगळं चोख आहे," काका म्हणाले. "मन लावून चालवता. निर्धास्त राहा."

बाईंचा चेहरा खुलला. मी तपासनीस नाही, हे सांगायची वेळ खरं तर हीच होती. पण एक गोष्ट अजून व्हायची होती. गिऱ्हाईक दाराशी पोचलं की काउंटरवरून एक वाक्य म्हणायचंच, असा कंपनीचा नियम आहे. काका ते रोज म्हणायचे, कप पुसता पुसता, कुणाच्या तोंडाकडे न बघता. घाईगर्दीत कधी राहूनही जायचं. तपासनिसासमोर मात्र ते कुणी विसरत नाही.

काकांनी पिशवी उचलली, सावकाश दाराशी गेले आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबले.

"पुन्हा या," मागून बाईंचा आवाज आला. "आम्ही वाट बघतोय."

या वाक्याला काकांच्या दुकानात आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. ते वळले.

"येतो," म्हणाले, घरातून निघताना म्हणतात तसं, आणि दार ओढून घेतलं.