सहा चुका सांभाळणारी कच्ची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो.
चूक. खोडते.
मी तीन जुन्या वह्यांची मिळून एक वही आहे.

१९७४ च्या जूनमध्ये, नागपुरातल्या शाळा उघडण्याआधी, गोपिकेनं मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढली. काही दुरेघी, काही चौकटीची. तिच्या आईनं, रंभाबाईंनी, गोधडीच्या सुईनं ती शिवली. अशी मी झाले कच्ची वही. पक्की वही दुकानातून आली, खाकी कव्हर घालून.

चुका पोटात ठेवणं हे माझं काम. गणिताचे विश्वनाथ सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पक्क्या वहीत खाडाखोड दिसली, तर वही खिडकीबाहेर." त्यामुळं मला शाळेत कुणी नेत नसे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.
खोडते. वाटत होतं.

दिवाळीच्या सुटीआधी गृहपाठ आला.

सिद्ध करा: (सेक θ − टॅन θ)² = (१ − साइन θ) / (१ + साइन θ)

गोपिका डाव्या बाजूनं निघाली. तीन पायऱ्या उतरली. छेदात कॉस² आलं. तिथं तिनं लिहिलं, १ + साइन². पुढं वाट बंद. एक रेघ मारून खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच अधिक. सहा वेळा! मला ओरडावंसं वाटलं, पण वहीला तोंड कुठं?

मग तिनं शेवटची ओळ पानाच्या तळाशी लिहिली आणि वर चढू लागली.

रंभाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "काहून वं, खालून लिहून राहिली?"

"माय, पहिली ओळ माहीत आहे, शेवटची माहीत आहे. मधलीच हरवली."

"मंग ये दोन्हीकडून. गोधडी नाही का शिवत आपण? तू तिकडून, मी इकडून. मधात भेटतोच."

खालच्या ओळीला वर-खाली (१ − साइन) नं गुणलं, तेव्हा छेदात १ − साइन² आलं. गोपिका थबकली. वर अधिक, खाली वजा! वरचं चिन्ह बदललं आणि दोन्ही वाटा पानाच्या मध्यावर भेटल्या. तिनं सारं पक्क्या वहीत उतरवलं, वरून खाली, एकही डाग न पाडता.

आणि तोच तिचा गुन्हा ठरला.

"इतकं स्वच्छ?" विश्वनाथ सर भर वर्गात म्हणाले. "हे गाईडमधून उतरवलेलं आहे. सोमवारपासून साध्या गणिताच्या तुकडीत बसायचं."

गोपिकेला पॉलिटेक्निकला जायचं होतं. साधं गणित घेतलं की ते दार बंद. घरी येऊन तिनं आईला सारं सांगितलं.

"मंग त्या सरले ही शिवलेली वही दाखव ना," रंभाबाई म्हणाल्या.

"माय, हिच्यात माझी सारी लाज आहे वं!"

"लाज कायची? टाके दिसले म्हणून गोधडी कोणी फेकते का?"

सोमवारी मी पहिल्यांदा शाळेत गेले. अंगावर हळदीचं बोट, शिवणीतून लोंबणारा लाल दोरा. मुलं हसली. सरांनी मला दोन बोटांनी उचललं.

"एकच चूक सहा वेळा? काहून वं?"

"सातव्यांदा सापडली, सर."

"अन् हे खालून वर कोण चढून राहिलं?"

"मीच, सर. मधात भेटायला."

सरांचं बोट एकेका खोडलेल्या ओळीवरून फिरलं. एकच रेघ असल्यामुळं खालचं सगळं वाचता येत होतं. मग ते वर्गाला म्हणाले, "हसू नका रे. गाईड सहा वेळा चुकत नसते." आणि गोपिकेला, "बस आपल्या जागेवर. उद्यापासून सगळ्यांनी कच्ची वही आणायची."

त्यांनी मध्यावर, जिथं दोन वाटा भेटल्या होत्या, लाल खूण केली. माझ्या अंगावरची ती एकमेव लाल शाई.

परीक्षा झाल्यावर पक्की वही रद्दीत गेली. मी पेटीत पडले. दहा वर्षं कुणी उघडलं नाही. सगळे मला विसरले होते.
खोडते. आता गोपिकाताई पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात, आणि दर वर्षी पहिल्या तासाला मला टेबलावर ठेवतात, त्याच पानावर उघडून.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. चुका, पुष्कळ चुका. पण खोडताना एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. कुणास ठाऊक, एखाद्या सोमवारी तुमच्या बाजूनं ती खोडलेली चूकच बोलेल.