चतुराबाईंच्या माठाखालचे विरजण

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला कोणी विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर हेच माझे दुखणे आहे.

माझा जन्म डहाणूच्या खाडीतल्या चिखलात झाला. १९८१ साली नाशिकच्या एका कॉलेजातले गांगुर्डे सर तो चिखल थर्मासात भरून एसटीने घेऊन आले. सूक्ष्मजीवांपासूनच बनवलेले एक नवे प्लास्टिक त्यांना परदेशातल्या मित्राने पाठवले होते. ते मी खातो, हे सरांनी शोधून काढले. आमच्या अंगातून विकर नावाचा रस पाझरतो. तो त्या प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडतो, मग सुटे तुकडे आम्ही फस्त करतो. तुमच्या दुकानातली साधी पिशवी मात्र मला पचत नाही. उगीच कशाला बढाई मारू?

एवढे करून माझ्या नशिबी काय आले? एक काचनळी, कापसाचे बूच आणि 'क्रमांक सतरा' अशी चिठ्ठी. माझा वास आला की मुले नाकाला रुमाल लावत. शेजारच्या फळीवर दह्याचे जिवाणू होते. सूक्ष्मदर्शकाखाली तेही माझ्यासारखेच ठिपके. पण त्यांचा थाट काय वर्णावा! लोक त्यांना विरजण म्हणतात, वाटीत घालून, वर झाकण ठेवून या घरातून त्या घरात नेतात. प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या चतुराबाई दुपारी माझ्यासमोरच दहीभात खायला बसत, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होई. दूधच तर आंबवतात ते! त्यात कसले आले कौतुक?

१९८४च्या एप्रिलमध्ये सरांना कावीळ झाली आणि ते चांदवडला आपल्या घरी गेले. दर चौथ्या दिवशी मला ताजे खारे पाणी लागे. ते काम सरांनी चतुराबाईंना शिकवले होते. बाटलीत उकळून गार केलेले खारे पाणी घ्यायचे, त्यात जुन्यातला एक चमचा सोडायचा आणि नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा टाकायचा. पण मे महिन्यात कॉलेजला कुलूप लागले. बाकीच्या नळ्या कपाटात राहिल्या. चतुराबाईंनी मात्र कोणी सांगितले नसताना माझी एक बाटली पदराखाली झाकून पंचवटीतल्या आपल्या खोलीवर नेली आणि माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली.

जागा थंडगार होती, चौथ्या दिवशीचे पाणी आणि तुकडाही कधी चुकला नाही, तक्रार नाही. पण शेजारी कोण? दह्याचे मडके! शेजारच्या सुलाबाई रोज सकाळी वाटी घेऊन विरजण मागायला येत. मला मागायला महिन्याभरात एकजणही आला नाही. ते मडके फुटावे, असे मी कितीदा तरी मनात म्हटले.

जूनमध्ये एका संध्याकाळी गांगुर्डे सर दारात उभे राहिले. अंग वाळलेले, डोळे अजून पिवळसर. कपाटातल्या सगळ्या नळ्या उन्हाळ्याने मेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुण्याचे परीक्षक येणार होते. जिवंत जिवाणू दाखवता आला नाही, तर सरांचे तीन वर्षांचे काम तिथेच थांबणार होते. चतुराबाईंनी माठाखालची बाटली दाखवली. सरांनी घाईने हात पुढे केला, तशी बाईंनी ती मागे घेतली.

"सर, दिवे लागले. आता इरजण नाय द्यायचं घरातून. सकाळी या, देते."

"अहो बाई, हे दही नाही. खारं पाणी आहे ते."

"मग तर नायच. मीठ बी देत नसत्यात दिवे लागल्यावर."

सर म्हणाले, हे सगळे मनाचे खेळ आहेत, विज्ञानात असे काही नसते. चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, "नसंल. पण म्या त्याला इरजणासारखंच जपलं, म्हणून जगलंय ते."

सर मान खाली घालून परत गेले. आणि मी? मला कोणीतरी विरजण म्हटले होते. त्या रात्री शेजारच्या मडक्याचा मला जराही राग आला नाही.

सकाळी तांबडे फुटताच सर आले. चतुराबाईंनी मला त्यांच्या हाती दिले, पण चमचाभर घरी ठेवून. विरजणाचे भांडे कोणी पुरते रिकामे करत नाही. परीक्षकांनी भोके पडलेला तुकडा भिंगातून पाहिला आणि सरांचे काम बंद पडता पडता राहिले.

आता मी कॉलेजच्या नव्या फ्रिजमध्ये असतो. चिठ्ठीवर क्रमांक एक आहे. दह्याचा हेवा कधीच सरला. मला हेवा वाटतो तो पंचवटीत राहिलेल्या त्या चमचाभराचा. सर दर महिन्याला त्याला प्लास्टिकचे तुकडे पोचवतात. चतुराबाई पाणी बदलताना त्याला विचारतात, "बरं हाय ना रे?" तोही मीच आहे, मित्रांनो, पण मला इथे कोणी असे विचारत नाही. म्हणून सांगतो, कोणाला जपायचे असेल तर नुसते जिवंत ठेवू नका, त्याच्याशी दोन शब्द बोला. नाहीतर माझ्यासारखी गत होते, स्वतःचाच हेवा करत बसावे लागते.